जुन्या रंगीत टीव्हीच्या ट्यूबवरची संरक्षक काच: काढावी का, आणि काढल्यावर काय लावावे?

प्रश्न : वसईकर (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी.

घरातले जुने सामान विकणाऱ्या एका कुटुंबाकडून मी आरसीए या अमेरिकन कंपनीचा रंगीत कन्सोल (जमिनीवर उभा राहणारा, लाकडी पेटीतला) टीव्ही घेतला आहे. चॅसिस (आतला विजेचा सांगाडा) सीटीसी-१२ आहे, म्हणजे संच १९६२-६३ च्या सुमाराचा असावा. लाकडी पेटी उत्तम आहे, चॅसिसवर गंज जवळजवळ नाही, आणि आतल्या बाजूला चिकटवलेला व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या निर्वात नळ्यांच्या) जागांचा नकाशासुद्धा शाबूत आहे. अडचण आहे ती समोर. ट्यूब २१ इंची, गोल तोंडाची, २१एफबीपी२२ या क्रमांकाची असून तिच्या तोंडावर संरक्षक काच कारखान्यातच राळेने चिकटवलेली आहे. या दोन काचांमधली राळ कडेने खराब झाली आहे. पांढुरका, मध्येमध्ये तपकिरी पट्टा सर्व बाजूंनी आत सरकत आला आहे. खालच्या कडेला तो चांगला तीन बोटे रुंद आहे आणि त्यात बुडबुडे व फांद्याफांद्यांची नक्षी दिसते. येथील हौशी लोक या विकाराला मोतीबिंदू म्हणतात. संच मी अद्याप चालू केलेला नाही.

माझे वडील ऐंशीच्या दशकात मुंबईत टीव्ही दुरुस्त करीत असत. त्यांच्याकडे येणाऱ्या ब्लॅक अँड व्हाइट ट्यूबांवर अशी वेगळी काच पाहिल्याचे मला आठवत नाही. तोंडाभोवती लोखंडी पट्टा तेवढा असे. त्यामुळे या काचेचे नेमके काम काय, हेच मला नीट उमगलेले नाही. ती काढणे सुरक्षित आहे का, काढल्यावर ट्यूब तशीच उघडी ठेवली तर चालते का, आणि चालत नसेल तर तिच्या जागी साधी काच, टफन काच की अ‍ॅक्रिलिक, काय लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. हातात सोल्डरिंग गन धरण्याचा सराव आहे, परंतु पिक्चर ट्यूबशी अशी झटापट पूर्वी केलेली नाही.


उत्तर : निवृत्त मेकॅनिक (पुणे)

वसईकर, वडिलांच्या दुकानातल्या ट्यूबांविषयीची तुमची आठवण अगदी बरोबर आहे, आणि उत्तराला तिथूनच सुरुवात करणे सोयीचे आहे.

पिक्चर ट्यूबमध्ये हवा नसते, त्यामुळे बाहेरची हवा तिला सर्व बाजूंनी सतत दाबत असते. तुमच्या ट्यूबच्या तोंडाचा व्यास सुमारे ५३ सेंटीमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे २२०० चौरस सेंटीमीटर होते, आणि दर चौरस सेंटीमीटरला एक किलोहून थोडा अधिक दाब या हिशेबाने नुसत्या तोंडावर सव्वादोन टनांच्या घरात भार येतो. हा भार काच वर्षानुवर्षे सोसते, कारण दाब सोसण्यात काच पटाईत असते. ताण मात्र तिला सोसवत नाही. कुठे खोल ओरखडा पडला, कडेला टवका उडाला किंवा मानेवर आडवा धक्का बसला, की तेथून तडा पळतो आणि ट्यूब आतल्या बाजूला कोसळते. धोका कोसळण्यापुरता नसतो. आत झेपावलेले तुकडे एकमेकांना ओलांडून समोरच्या बाजूने बाहेर पडतात, आणि मागची मान गनसकट (म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत सोडणाऱ्या भागासकट) पुढे फेकली जाऊ शकते.

या संकटावर कारखानदारांनी वेळोवेळी वेगवेगळे उपाय केले. चाळिशी-पन्नाशीच्या दशकांतल्या संचांत ट्यूबपुढे पेटीलाच एक स्वतंत्र जाड काच बसवलेली असे. नंतर, साधारण १९६० च्या आगेमागे, तीच काच ट्यूबच्या तोंडाच्या गोलाईप्रमाणे वळवून राळेने तोंडावरच चिकटवण्याची पद्धत आली. तुमची ट्यूब या पिढीतली आहे. त्याच्याही पुढे तोंडाच्या कडेभोवती पोलादी पट्टा ताणून बसवण्याची युक्ती निघाली. पट्टा कडेला सतत आवळून धरतो, त्यामुळे तडा गेला तरी तो सुसाट पळत नाही, हवा हळूहळू आत शिरते आणि ट्यूब स्फोट न होता निकामी होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तोवर पट्ट्याच्या ट्यूबा रूढ झालेल्या होत्या. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या २० इंची ट्यूबला चार कोपऱ्यांत कान असलेला हाच पट्टा होता, आणि म्हणूनच आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या पिढीला चिकटवलेली काच फारशी पाहायलाच मिळाली नाही. (आपल्या लोकांनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे लावलेले ते निळे-तांबूस प्लास्टिकचे पडदे हा निराळाच प्रकार, त्यांचा सुरक्षेशी काडीचाही संबंध नव्हता.)

मुद्दा असा, की तुमच्या ट्यूबला आवळणारा पट्टा नाही. ती चिकटवलेली काच आणि मधली राळ हाच तिचा बचाव आहे. तोंड फुटलेच तर तुकडे राळेला चिकटून राहावेत, अशी ती रचना आहे. तेव्हा ती काच झाकण समजून काढू नये. ट्यूबचा अवयव समजूनच तिला हात लावावा.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. मोतीबिंदूचे ऑपरेशन करण्याआधी डोळ्यांत दृष्टी आहे की नाही ते पाहावे. मानेजवळ काचेच्या आतल्या बाजूला गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूच्या लेपाचा) चकचकीत रुपेरी डाग दिसतो. तो दुधासारखा पांढरा झालेला असेल तर ट्यूबमध्ये हवा शिरलेली आहे आणि पुढची सगळी मेहनत व्यर्थ आहे. डाग रुपेरी असेल तर कोणाकडून ट्यूब टेस्टर मागून आणावा आणि लाल, हिरव्या व निळ्या, तिन्ही गनांचे एमिशन (इलेक्ट्रॉन सोडण्याची क्षमता) मोजावे. त्यासाठी संच चालू करावा लागत नाही. एमिशन गेलेल्या ट्यूबवर काचेचे काम करून उपयोग नाही, आणि ते काम करताना ट्यूब फुटण्याचा संभव मात्र तितकाच राहतो.


उत्तर : ओहायोवासी

पुण्याच्या काकांनी पाया नीट घालून दिला आहे, म्हणून मी थेट कृतीकडे वळतो. कोलंबसजवळच्या हिलियार्ड गावात अर्ली टेलिव्हिजन म्युझियम आहे. तेथे जमणाऱ्या मंडळींच्या सहवासात हे काम मी जवळून पाहिले आहे आणि केलेही आहे. एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. ट्यूब कापून तिला नवी गन बसवून देणारा आयोवातला जुना कारखाना २०१० मध्ये बंद झाला आणि फ्रान्समधला २०१३ मध्ये. फुटलेली ट्यूब आता सहजासहजी बदलून मिळत नाही, म्हणून घाईला येथे जागा नाही.

ट्यूब पेटीत ठेवून हे काम होत नाही. अ‍ॅनोड कॅप (ट्यूबला हजारो व्होल्ट पोचवणाऱ्या वायरची रबरी टोपी) काढण्यापूर्वी ट्यूब डिस्चार्ज करणे, म्हणजे तिच्यात साठलेली वीज रिकामी करणे, आवश्यक आहे, आणि ते एकदाच करून पुरत नाही. ट्यूबच्या आतला व बाहेरचा काळा लेप मिळून एक कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) होतो, काच त्याचा डायइलेक्ट्रिक, म्हणजे मधला विद्युतरोधक थर, असते, आणि एकदा रिकामा केल्यावरही काही मिनिटांत त्यावर पुन्हा चार्ज जमतो. त्या झटक्याने माणूस मरेलच असे नाही, परंतु हातातली ट्यूब मात्र नक्की सुटते. म्हणून जाड इन्सुलेशनची वायर एका टोकाला बाहेरच्या लेपाच्या अर्थला पक्की बांधावी, दुसरे टोक मोठ्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला जोडावे, कॅपच्या रबराखाली त्याचे पाते सरकवून डिस्चार्ज करावे, थोडे थांबून पुन्हा करावे, आणि ट्यूब बाहेर काढल्यावर अ‍ॅनोडचे बटण व बाहेरचा लेप वायरने कायमचे जोडून ठेवावेत.

योक (झोत पडद्यावर फिरवणारी गुंडाळी), कन्व्हर्जन्सची कॉइले (तिन्ही गनांचे झोत एकत्र जुळवणारी) आणि प्युरिटीच्या कड्या (प्रत्येक रंग शुद्ध ठेवणारी चुंबके) काढण्यापूर्वी त्यांच्या जागांचे फोटो घ्यावेत. तसे केले तरी प्युरिटी व कन्व्हर्जन्स पुन्हा लावावे लागणारच आहे. रंगीत गोल ट्यूबला त्यातून सुटका नाही. ट्यूब उचलताना मानेला कधीही धरू नये. एक हात तोंडाखाली आणि दुसरा शंकूच्या रुंद भागाखाली, आणि शक्यतो दोन माणसे. चेहऱ्यावर पूर्ण झाकणारी पारदर्शक ढाल, कातडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड कोट आणि गळ्याभोवती जाड कापड घ्यावे. ज्यांचे काम नाही त्यांनी त्या खोलीत थांबू नये.

ट्यूब ठेवण्यासाठी लाकडाची गोल बैठक करून तिच्या काठावर जाड गालिचा ठोकावा; तोंड वर, मान खाली आणि जमिनीपासून अधांतरी. मग कडेभोवती गुंडाळलेली जुनी टेप सोडवावी. टेपखालून कोरडी तपकिरी भुकटी निघते आणि तिच्या आड दोन काचांमधली फट दिसू लागते. खराब झालेल्या पट्ट्यातली राळ ठिसूळ असते आणि ती सहज कोरता येते. खरी चिवट असते ती मधली, अजून स्वच्छ दिसणारी राळ.

ती मऊ करण्यासाठी उष्णता लागते आणि सगळी जोखीम याच पायरीवर आहे. हीट गन एका जागी रोखून धरली की तेवढीच काच फुगते, भोवतालची थंड राहते, आणि नको तो ताण तयार होतो. काही लोक तोंड खाली करून ट्यूब गरम पाण्याच्या परातीत ठेवतात. ती पद्धत चालते. परंतु पाणी कोमट असतानाच ट्यूब त्यात ठेवावी, मग ते सावकाश तापवावे, आणि अ‍ॅनोडचे बटण व लेप पाण्याच्या बराच वर राहतील याची काळजी घ्यावी. मला स्वतःला थर्मोकोलच्या तक्त्यांचा बंद खोका अधिक पसंत आहे. आत कमी वॅटचे दिवे लावावेत, ते थर्मोकोलपासून आणि ट्यूबपासून दूर ठेवावेत, एक थर्मामीटर बाहेरून दिसेल असा टांगावा, आणि तापमान काही तासांत हळूहळू चढू द्यावे. संपूर्ण ट्यूब सारखी तापली की ताण उरत नाही.

राळ मऊ झाल्यावर बारीक पोलादी तार, दोन्ही टोकांना लाकडी मुठी लावून, फटीत घालावी आणि करवतीसारखी पुढेमागे ओढत न्यावी. तार एकसारखी सरकत असेल तर राळ कापली जात आहे असे समजावे. ती अडकली तर जोर न लावता खोका पुन्हा बंद करून राळ आणखी तापू द्यावी. फटीत पाचर, पटाशी किंवा स्क्रूड्रायव्हर घालून काच उचकटण्याचा मोह होतो, विशेषतः तीन-चतुर्थांश काच सुटल्यावर, आणि ट्यूबा फुटतात त्या याच क्षणी, कारण उचकटताना तोंडाची काच वाकवली जाते. शेवटची ओढ पूर्ण झाली की वरची काच आपोआप तरंगल्यासारखी सरकते. ती बाजूला घ्यावी आणि ट्यूब खोक्यातच थंड होऊ द्यावी.

राहिलेली राळ जेलीच्या पट्ट्यांसारखी बोटांनी सोलून निघते. तिच्यावर लोखंडी पाते चालवू नये, प्लास्टिकची पट्टी वापरावी. तोंडावर पडलेला एक ओरखडाही पुढे तड्याचे मूळ होऊ शकतो. शेवटचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोल ओल्या फडक्यावर घेऊन पुसावा, बाटलीतून थेट ट्यूबवर ओतू नये.


उत्तर : हौशी दादरकर (कॅलिफोर्निया)

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे मला समजलेले नाही. माझ्याकडे दोन गोल ट्यूबा आहेत. दोन्हींवरची काच काढून टाकली, पुन्हा काहीही लावलेले नाही, चित्र स्वच्छ येते आणि काही वर्षांत काहीही झालेले नाही. तोंडाची काच मुळातच इतकी जाड असते की हातोडीशिवाय ती फुटणार नाही. वसईकरांनी उगाच घाबरू नये.


उत्तर : निवृत्त मेकॅनिक (पुणे)

दादरकर, तोंडाची काच जाड असते, हे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि दिवाणखान्यात शांत उभी असलेली ट्यूब आपण होऊन फुटण्याचा संभव कमी आहे, हेही मी मान्य करतो. परंतु तुमच्या दोन ट्यूबा न फुटल्यामुळे फुटल्यावर काय होईल याचे उत्तर मिळत नाही. पट्टा असलेल्या ट्यूबवर हातोडी पडली तर ती हवा घेऊन बसते. पट्टा नसलेल्या आणि काचही काढलेल्या ट्यूबवर घरातल्या मुलाने फेकलेले खेळणे चुकीच्या जागी बसले, तर समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यापुढे काहीच आडवे नसते. कारखान्याने जी ट्यूब काचेसह सुरक्षित ठरवली, ती काचेविनाही तितकीच सुरक्षित आहे असे समजायला आधार नाही. त्यातून साठ वर्षांत तिच्या कडेला किती बारीक टवके उडालेले आहेत, हे आपल्याला डोळ्यांनी दिसतही नाही.

स्वतःच्या घरात काय जोखीम घ्यायची हा तुमचा प्रश्न आहे. पहिल्यांदाच ट्यूबला हात लावणाऱ्या माणसाला मात्र हा सल्ला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.


उत्तर : अणुशक्तीनगरकर

क्ष-किरणांचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. नोकरीत किरणोत्सार-सुरक्षेशी संबंध होता, एवढीच माझी ओळख पुरे.

ब्लॅक अँड व्हाइट संचांत अ‍ॅनोडचा व्होल्टेज साधारणतः १० ते १८ हजार असतो, आणि तेथे निर्माण होणारे दुबळे क्ष-किरण तोंडाची काच गिळून टाकते. तुमच्या रंगीत संचात तो २४-२५ हजारांच्या घरात आहे. तेवढ्यावरही जाड काच बहुतेक सर्व किरण अडवते, परंतु अडवण्याचे प्रमाण जाडीबरोबर झपाट्याने वाढते, म्हणून वरची काच काढणे म्हणजे त्या संरक्षणातून काही मिलिमीटर वजा करणे होय. व्होल्टेज नियंत्रित करणारा शंट रेग्युलेटर व्हॉल्व्ह बिघडला आणि व्होल्टेज ३० हजारांकडे चढला, तर याच काही मिलिमीटरांना महत्त्व येते.

अमेरिकेत १९६७ मध्ये काही रंगीत संचांतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले आणि १९६८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे ठरलेली मर्यादा संचाच्या पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर ताशी ०.५ मिलिरोंटजेन ही होती. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की १९६७ च्या त्या प्रकरणात दोष चित्राच्या पडद्याचा नव्हता. किरण येत होते ते रेग्युलेटर व्हॉल्व्हमधून, आणि बव्हंशी खालच्या दिशेने. तेव्हा वसईकरांनी समोरच्या काचेची जेवढी चिंता केली आहे तेवढीच, हा व्हॉल्व्ह ज्यात बंद असतो त्या हाय व्होल्टेजच्या पत्र्याच्या पिंजऱ्याचीही करावी. दुरुस्तीच्या सोयीसाठी पिंजऱ्याचे झाकण काढून ठेवून संच तासन् तास चालवणारे लोक मी पाहिले आहेत.

काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावण्याचा विचार असेल, तर त्याच जाडीचे प्लास्टिक हे किरण काचेच्या मानाने फारच कमी अडवते, कारण त्यात जड मूलद्रव्ये नसतात. आणि चित्र फिके दिसते म्हणून व्होल्टेज वाढवण्याचा उद्योग मुळीच करू नये.


उत्तर : काचवाला (नाशिक)

काचेच्या निवडीवर व्यवसायाच्या अनुभवातून चार शब्द. टीव्हीतले मला फारसे कळत नाही.

साधी काच मोठ्या धारदार पात्यांत फुटते, त्यामुळे तिचा विचारच नको. टफन काच तापवून झटकन थंड केलेली असते. ती साध्या काचेपेक्षा बरीच मजबूत असते आणि फुटली तर बोथट दाण्यांत फुटते. परंतु फुटली की सगळीच्या सगळी खाली येते आणि चौकट मोकळी होते. तुमच्या प्रकरणात पहिल्या तुकड्याने ती फुटली तर मागून येणाऱ्या तुकड्यांना वाट मोकळी मिळेल. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा चिवट पडदा असतो. ती तडकते, पण जागेवर राहते. वर वर्णन केलेल्या कामासाठी मी लॅमिनेटेडच सुचवीन. बाजारात ६.३८ मिलिमीटरची मिळते, म्हणजे दोन बाजूंना ३-३ मिलिमीटरच्या काचा आणि मध्ये ०.३८ चा पडदा. ६० बाय ५० सेंटीमीटरच्या तुकड्याचे वजन साडेचार किलोच्या आसपास भरते, तेव्हा पेटीतल्या जुन्या पट्ट्या ते पेलतील का ते आधी पाहावे.

टफन काच घ्यायचीच असेल तर माप पक्के झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासायला गेले तरी हातात दाणे येतात. पुठ्ठ्याचा साचा कापून, तो पेटीत बसवून पाहून, मगच दुकानात न्यावा. लॅमिनेटेड काच कापता येते, पण तिच्या उघड्या कडेतून दमट हवा शिरली की मधला पडदा कडेने पांढरा पडू लागतो. वसईकर, म्हणजे ज्या विकारापायी तुम्ही जुनी काच काढणार आहात तोच नव्या काचेत नव्याने सुरू व्हायचा. कडा बंद करून घ्याव्यात, आणि त्यासाठी आंबट वासाचे सिलिकॉन वापरू नये. न्यूट्रल सिलिकॉन मिळते ते घ्यावे.

रंगाची एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून सांगावी लागेल. जुन्या संरक्षक काचा बहुधा करड्या छटेच्या असत, आणि ती छटा शोभेसाठी नसे. खोलीतला उजेड काचेतून आत जातो, पडद्यावर आपटतो आणि पुन्हा काचेतून बाहेर येतो, म्हणजे त्याला दोनदा काच ओलांडावी लागते. चित्राचा प्रकाश एकदाच ओलांडतो. काच निम्मा प्रकाश सोडत असेल तर चित्र निम्मे उरते, पण खोलीचा उजेड चौथाईवर येतो, आणि त्यामुळे काळा रंग काळा दिसतो. स्वच्छ पांढरी काच लावलीत तर चित्र उजळ पण धुरकट दिसेल. करडी काच लॅमिनेटेड स्वरूपात मिळते. नमुना दिव्यासमोर धरून जुन्या काचेशी ताडून पाहावा.


उत्तर : वसईकर (न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. दादरकरांचाही राग नाही. मनातून मलाही तेच सोपे उत्तर हवे होते.

काकांच्या सांगण्यावरून आधी ट्यूब तपासली. गेटर रुपेरी आहे. येथील एका सद्गृहस्थांनी टेस्टर आणून मोजले; निळी व हिरवी गन उत्तम, लाल गन थोडी मंद पण चालण्याजोगी आहे. त्यामुळे काम करावे असे ठरवले आहे. कडेची टेप एका ठिकाणी थोडी सोडवून पाहिली, तेव्हा दोन काचांमधली फट सुमारे दोन मिलिमीटरची दिसली. संरक्षक काचेला कुठेही तडा वा टवका नाही.

पेटी पाहता ट्यूबचे तोंड आणि पुढची पितळी रंगाची चौकट यांत आणखी एक सपाट काच बसेल इतकी जागा नाही. म्हणून मूळ काचच स्वच्छ करून परत लावणे हा एकच मार्ग उरतो असे वाटते. ती कडेने दुहेरी टेप लावून बसवावी की पुन्हा राळ ओतून चिकटवावी, याबद्दल येथील लोकांत दोन तट आहेत. ओहायोवासी, आपण काय केले असते?


उत्तर : ओहायोवासी

मूळ काच शाबूत असेल तर तीच परत लावावी, यात मला शंका नाही. तिची गोलाई, छटा आणि जाडी तुमच्या ट्यूबसाठीच ठरवलेली आहे, आणि अणुशक्तीनगरकरांनी उपस्थित केलेला प्रश्नही तिने आपोआप सुटतो.

टेप की राळ, यावर दोन्ही तटांचे म्हणणे सांगतो. टेप लावणे सोपे आहे, आणि पुढे काच पुन्हा काढावी लागली तर त्रास नाही. परंतु दोन काचांमध्ये हवेची फट राहते. काच आणि हवा जेथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. राळ असताना आतले जे दोन पृष्ठभाग जवळजवळ नाहीसे झाले होते ते टेपमुळे परत येतात, आणि मागे दिवा असेल तर त्याची दुहेरी प्रतिमा दिसते. हे फार तर डोळ्यांना खटकेल. अधिक महत्त्वाची बाब ही, की टेपने बसवलेली काच समोर ढाल म्हणून उभी राहते, पण फुटलेल्या तोंडाचे तुकडे धरून ठेवू शकत नाही. पट्टा असलेल्या ट्यूबला मी निःशंकपणे टेप लावीन. तुमच्या ट्यूबला पट्टा नाही आणि पुढे दुसरी काच बसवायला जागाही नाही, म्हणून माझे मत राळेच्या बाजूने आहे.

राळ निवडताना हार्डवेअरच्या दुकानातील साधे इपॉक्सी घेऊ नये. ते पिवळे पडते, आणि जाड थरात ओतले तर घट्ट होताना चांगलेच तापते. काचा जोडण्यासाठी बनवलेली, घट्ट झाल्यावरही मऊ राहणारी, कमी आकसणारी पारदर्शक राळ घ्यावी. हिशेब सोपा आहे: २२०० चौरस सेंटीमीटर आणि दोन मिलिमीटरची फट, म्हणजे सुमारे ४४० मिलिलीटर, सांडलवंड धरून अर्ध्या लिटरहून थोडी अधिक घ्यावी. आधी त्याच राळेचा एक लहान नमुना खिडकीच्या दोन काचांमध्ये ओतून काही आठवडे उन्हात ठेवावा आणि मगच ट्यूबकडे वळावे.

दोन्ही काचा धूळ नसलेल्या खोलीत पुसून, कडेभोवती दोन मिलिमीटर जाडीचे मऊ रबरी तुकडे अंतराअंतरावर ठेवून काच बसवावी. बाहेरून कडेला टेपचा पक्का बांध घालावा आणि वरच्या बाजूला ओतण्यासाठी व हवा निघण्यासाठी दोन तोंडे सोडावीत. ट्यूब बैठकीसकट तिरपी करून राळ एका कडेने अगदी सावकाश सोडावी, म्हणजे हवा तिच्यापुढे सरकत वर जाते. घाई केली की मध्यभागी बुडबुडा अडकतो, आणि तो तेथून हलत नाही. घट्ट होण्यासाठी राळेच्या डब्यावर जेवढा वेळ लिहिला असेल त्याच्या दुप्पट वेळ ट्यूबला हात लावू नये. मग कडेभोवती नवी टेप गुंडाळावी. ती ओलावा अडवणारी असावी, कारण मूळ रोग कडेतूनच आत शिरला होता.

आणखी एक. त्या पितळी रंगाच्या चौकटीवर सोनेरी रेघा किंवा अक्षरे असतील तर ती धुताना अमोनियाचे द्रावण वापरू नये, कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब पुरेसा आहे. बऱ्याच संचांतली ही छपाई फडक्याबरोबरच निघून येते. ट्यूब पेटीत परत बसवल्यावर डिस्चार्जसाठी जोडलेली वायर काढण्याचे विसरू नये, हाय व्होल्टेजचा पिंजरा सर्व स्क्रूंसह बंद करावा, आणि त्यानंतरच संच चालू करून अ‍ॅनोडचा व्होल्टेज मोजावा. तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापेक्षा वर असेल तर चित्र कितीही छान दिसत असले तरी आधी रेग्युलेटर तपासावा.